विरकरबाई आणि म्हसओत

विरकरबाईंबद्दल कुणी चांगलं बोललेलं मी कधी ऐकलं नाही. आमच्या ऑफिसात तर नाहीच. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना टाळायचे. त्या समोरून येताना दिसल्या की माणसं चपलेचा अंगठा नीट करायला वाकायची, नाहीतर मोबाइल कानाला लावायची. बाईंनाही ते कळायचं. "बोला, बोला," म्हणत त्या पुढं जायच्या, "पलीकडं खरंच कुणी असलं तर माझाबी नमस्कार सांगा."

सांगलीपासून जवळच, नदीकाठी आमचं शहर आहे. तिथल्या नगरपालिकेत मी बांधकाम विभागात क्लार्क. विरकरबाई त्याच विभागात अभियंता होत्या आणि त्यांच्याकडं काम एकच, पावसाळी गटारं आणि नाले. रस्ते, इमारती, बागा ही कामं लोक वशिला लावून मागून घेतात. नाला कुणी मागत नाही. बाईंनी तो मागून घेतला होता.

शालन विरकर त्यांचं पूर्ण नाव. माहेर, सासर दोन्ही म्हसवडकडचं, धनगराचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. अंगानं काटक, सुती साडी, पायात पुरुषांचे गमबूट आणि साडीचा काठ त्या बुटात खोवलेला. नाल्यातून आल्या की बूट न काढता तशाच आत. फरशीवर काळी पावलं उठायची. साहेब वैतागले की म्हणायच्या, "तुमच्याच गावची घाण हाय साहेब, परकी न्हाई."

ऑफिसात अशी एक गोष्ट फिरायची की बाई लहान असताना ओढ्याला अचानक पाणी आलं, त्यात त्यांच्या वडलांची सगळी मेंढरं वाहून गेली, म्हणून बाई पाण्याच्या मागं लागल्यात. मला ती गोष्ट फार आवडली होती. एकदा डबा खाताना मी त्यांना विचारलं. त्यांनी भाकरीचा घास खाली ठेवला. "कुणी सांगितलं? आमची मेंढरं बाजारात इकली. कसायाला." आणि परत जेवायला लागल्या.

लोकांची तक्रार आली की बाई स्वतः जायच्या. घरात पाणी घ्यायच्या नाहीत, चहा घ्यायच्या नाहीत. एक बादली पाणी मागायच्या आणि ती अंगणात ओतून पाणी कुठं जातं ते बघत उभ्या राहायच्या. एका डॉक्टरांनी तक्रार केली होती की शेजारच्या पत्र्याच्या घरातली माणसं आमच्या भिंतीला खेटून खड्डे खणतात. बाईंनी डॉक्टरांच्या अंगणात बादली ओतली. पाणी सरळ भिंतीखालून शेजाऱ्याच्या चुलीत गेलं. डॉक्टरांनी अंगणात भराव टाकून फरशी घातली होती ना. बाईंनी त्यांच्याच माणसाला पहार आणायला लावली आणि नवी कोरी फरशी मधोमध फोडून पाण्याला वाट करून दिली. डॉक्टर इंग्रजीतून ओरडत होते. शेजारीण हात जोडून आभार मानायला आली, तर बाई तिला म्हणाल्या, "तू खरकटं गटारात टाकतीस ते मी बघितलंय. पुढच्या येळी तुझ्या न्हाणीचं पाणी बंद करीन." एकाच फेरीत दोन्ही घरं दुखावून त्या परत आल्या.

तात्यांशी त्यांचं वैर लागलं ते एका लग्नावरून. तात्या म्हणजे गावातले मोठे पुढारी. प्लॉट पाडून विकायचे, आणि गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या तोंडावर त्यांचं मोठं मंगल कार्यालय होतं. लग्न झालं की थर्माकोलची ताटं, प्लॅस्टिकचे पेले, उरलेला भात सगळं मागच्या खिडकीतून नाल्यात. बाईंनी दोनदा नोटीस दिली. तात्यांनी ती घेतली आणि चहा पाजून माणसाला परत पाठवलं. तिसऱ्या वेळी बाईंनी नाल्यातला तो सगळा गाळ ट्रॉलीत भरला आणि भर मुहूर्तावर कार्यालयाच्या कमानीत ओतला.

त्या दिवशी तात्यांच्या घरचं लग्न नव्हतं. खटाव भागातल्या कुणा गरीब माणसाच्या मुलीचं होतं. नवरदेव घोड्यावरून यायचा होता आणि कमानीत गुडघाभर काळा गाळ पडलेला. मुलीचा बाप फेटा सावरत धावत आला आणि त्यानं सगळ्यांसमोर बाईंचे पाय धरले. "आमचं काय चुकलं? आमी भाडं देऊन आलोय." बाई पाय सोडवून घेत म्हणाल्या, "भाडं ज्याला दिलं त्याला इचारा." वऱ्हाड मागच्या दारानं आत गेलं. मी दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं की त्या माणसाचा काय दोष होता. त्या म्हणाल्या, "त्यानं जाऊन चार गावांत सांगितलं असंल. पुढं कोण घेतंय ते कार्यालय बघू." आणि खरंच, तात्यांनी त्या महिन्यात कचऱ्याची गाडी लावली.

आता म्हसओताचं सांगायला हवं. पाणी उतरून जिथं साठतं त्या सखल जागेला आमच्याकडं ओत म्हणतात. गावाच्या वरच्या निम्म्या भागाचं पावसाचं पाणी म्हसओतात यायचं, तिथं पसरायचं, मुरायचं आणि सावकाश पुढं नदीला जायचं. पूर्वी म्हशी तिथं डुंबायच्या म्हणून ते नाव. लव्हाळा, पाणकणीस माजलेलं असायचं, जांभळ्या पाणकोंबड्या त्यातून फिरायच्या. तात्यांनी त्याचा निम्मा भाग मुरूम टाकून भरला, 'गोकुळ पार्क' अशी पाटी लावली आणि प्लॉट विकले. बाकीच्या निम्म्यात गाव कचरा टाकायचं.

बाईंनी तो निम्मा हाती घेतला. कचरा काढला, कडेनं तार मारली. ओताला सिमेंटचा तळ घालून त्याचा सरळ कालवा करायचा असा एक प्रस्ताव आला होता. साहेबांसकट सगळ्यांना तो हवा होता, कारण काम मोठं होतं. बाईंनी त्यावर सही केली नाही. पाण्याला बसायला जागा पाहिजे, नुसती पळायला नको, एवढंच त्या म्हणत राहिल्या, आणि प्रस्ताव पडला. बाईंचे शत्रू आणखी वाढले.

दर हिवाळ्यात म्हसवडकडचे काही धनगर मेंढरं घेऊन ओताकडेला उतरायचे. त्या वर्षीही आले. मेंढरांनी कवळा लव्हाळा खाल्ला, घरटी तुडवली. बाई गेल्या. त्यांच्यात एक म्हातारा होता, त्यानं बाईंना ओळखलं. अगं पोरी, तू आमच्या बिरूची लेक नव्हं, म्हणाला. बायकांनी घोंगडं अंथरलं, बस म्हणाल्या. मी सोबत होते, मला वाटलं बाई आता बसतील. त्या उभ्याच राहिल्या.

"व्हय, बिरूचीच," त्या म्हणाल्या. "म्हणून सांगते. सकाळी हितं दिसू नका, न्हाईतर मेंढरं कोंडवाड्यात घालीन."

त्या बायकांनी घोंगडं झटकून त्याची परत घडी घातली. परतताना बाई गाडीवर माझ्यामागं बसल्या होत्या. घराशी उतरताना म्हणाल्या, "ते माझे चुलत चुलते." बस्स.

पुढं एका पावसाळ्यात गोकुळ पार्कात कमरेएवढं पाणी साठलं, बोंबाबोंब झाली, आणि नाल्यावरची सगळी अतिक्रमणं काढायचा हुकूम निघाला. नाल्याच्या वाटेत मुख्य दोनच गोष्टी होत्या. एक तात्यांच्या कार्यालयापुढचा सिमेंटचा चढ. त्याच्याखाली नाला दोन अरुंद नळ्यांतून कसाबसा जायचा. दुसरं, गोकुळ पार्कातल्या निकम हवालदारांच्या घराची मागची बाजू.

निकम वडूजकडचे. सैन्यातून निवृत्त होऊन कुपवाडच्या एका कारखान्यात वॉचमन होते. निवृत्तीला मिळालेलं सगळं त्यांनी तात्यांकडून घेतलेल्या त्या प्लॉटात घातलं होतं. बायको, लग्नाला आलेली मुलगी आणि अर्धांगानं पडलेली म्हातारी आई. मागची खोली उंच जोत्यावर होती. जमीन मऊ म्हणून त्यांनी खाली भरपूर दगड भरले होते. आई त्या खोलीत असायची. पुढची खोली मात्र रस्त्यापेक्षा खाली गेलेली. घर बांधलं तेव्हा ती वर होती, पण रस्त्यावर दर निवडणुकीला एक थर पडत गेला.

तात्यांनी कोर्टातून स्टे आणला. निकमांना तसं काही सुचलं नाही. त्यांनी अर्ज केला की वैशाखात मुलीचं लग्न आहे, तेवढं होऊ द्या, मग मी स्वतः पाडतो. अर्ज घेऊन ते ऑफिसात आले होते. सैन्यातल्यासारखे ताठ उभे होते. बाईंनी अर्ज वाचून परत दिला.

"वैशाखात वळीव येतो," त्या म्हणाल्या. "तो पत्रिका बघून येत न्हाई."

पाडायच्या दिवशी मी पंचनाम्याला होते. आजींना चादरीत घालून बाहेर काढावं लागलं. एका टोकाला निकम, एका टोकाला त्यांची बायको, एकाला शेजारी आणि चौथं टोक विरकरबाईंनी धरलं. आजी विचारत होत्या, कुठं नेताय मला? बाई म्हणाल्या, "पुढच्या खोलीत, आजी. हितनं चार पावलावर." लोखंडी पलंग पुढच्या खोलीत मावेना, कारण तिथं मुलीच्या लग्नाची भांडी रचलेली. म्हणून आजींना खाली गादीवर ठेवलं. जेसीबीनं मागची खोली, स्वयंपाकघर, न्हाणी असं सगळं पाडलं. तुळशीचं वृंदावन तेवढं निकमांच्या बायकोनं उचलून रस्त्यावर आणून ठेवलं. शेजारी गच्चीवरून मोबाइलवर शूटिंग करत होते.

तात्याही आले. निकमांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आधी सांगायचं नव्हं का रं गड्या, माझा वकील दिला असता." प्लॉट त्यांनीच विकला होता. निकमांनी खांदा हलवला नाही.

ऑफिसला परतल्यावर मी बाईंना विचारलं की तात्यांचं तसंच ठेवून या माणसाचं पाडणं बरोबर आहे का. त्या गमबूट धूत होत्या.

"तात्याचं पाडता येत न्हाई म्हणून निकमचंबी सोडू?" त्या म्हणाल्या. "निम्मी वाट तर मोकळी झाली."

"आणि माणसं?"

"माणसं हलत्यात. पाणी हलवून बघ कुणाच्या बापाला हलतंय का."

वळीव आला तो निकमांच्या मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात. दुपार होती. आभाळ एकदम काळं झालं आणि असा पाऊस लागला की ऑफिसच्या खिडकीतून समोरचं झाड दिसेना. निकम कुपवाडला ड्यूटीवर होते. बायको आणि मुलगी शिंप्याकडं ब्लाउज आणायला गेल्या होत्या. पाऊस थांबेपर्यंत दुकानातच अडकल्या. शेजारणीला आजींकडं बघायला सांगितलं होतं, पण तिच्याच घरात पाणी शिरलं आणि ती धान्याची पोती वर चढवत बसली.

बाई पाऊस लागताच जेसीबी घेऊन निघाल्या होत्या. पुढचं सगळं मला जेसीबीच्या ड्रायव्हरनं, हुसेननं, नंतर सांगितलं. वरून आलेलं पाणी निकमांच्या घरामागच्या मोकळ्या वाटेनं सुसाट खाली आलं आणि तात्यांच्या कार्यालयापुढं तटलं. त्या दोन नळ्यांत चोळामोळा होऊन गाद्या, फांद्या अडकल्या होत्या. पाणी मागं फिरलं आणि रस्त्यानं गोकुळ पार्कात पसरायला लागलं. कार्यालयात लग्न होतं, बॅन्ड वाजत होता. बाईंनी हुसेनला चढावर बकेट लावायला सांगितली. तेवढ्यात तात्यांचा पुतण्या पुढं येऊन उभा राहिला. हातात स्टेचा कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला.

बाईंनी साहेबांना फोन लावला. साहेब उचलेनात, म्हणून त्यांनी मला केला. केबिनमध्ये जा आणि साहेबांना विचार, तोडू का, एवढंच म्हणाल्या. मी गेले. साहेब खिडकीशी उभे होते. कोर्टाचा मामला आहे, मी एकटा कसा सांगू, वर विचारतो, तोवर थांबायला सांगा, असं म्हणाले. मी तसं कळवलं. थोड्या वेळानं परत बाईंचा फोन आला, मी परत आत गेले. साहेब कुणाशी तरी बोलत होते, त्यांनी मला हातानं थांब अशी खूण केली.

हुसेन म्हणाला की बाई मांडीएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. मोबाइल पिशवीत गुंडाळून हातात धरलेला. तो मध्येमध्ये विचारायचा, मारू का? त्या म्हणायच्या, थांब. पाणी त्यांच्या कमरेला लागलं तरी म्हणाल्या, थांब. मग एकाएकी त्यांनी मोबाइल ब्लाउजमध्ये खोवला, पुतण्याच्या हातातला कागद ओढून पाण्यात टाकला आणि म्हणाल्या, "मार."

चढ फुटला तसं पाणी गर्जना करत निघालं. न्हाणीचा बोळा काढावा तसा रस्ता रिकामा व्हायला लागला. गच्च्यांवरून लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. "बाई हसत व्हत्या," हुसेन म्हणाला, "मी त्यास्नी हसताना पहिल्यांदा बघितलं." तेवढ्यात गल्लीतनं निकमांची शेजारीण छाती पिटत आली.

आजी गादीसकट दारापर्यंत तरंगत आल्या होत्या. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं.

बाईंना निलंबित केलं ते चढ पाडल्याबद्दल, कोर्टाचा हुकूम मोडल्याबद्दल. आजींबद्दल त्यांना कुणी काही विचारलं नाही. तो मृत्यू नैसर्गिक आपत्तीत धरला गेला. निकमांच्या मुलीचं लग्न पुढं गावाकडं, देवळात झालं. तात्यांना चढ परत बांधून मिळाला, पण आता त्याखाली रुंद मोरी करण्यात आली. उद्घाटन तात्यांनीच केलं. संगमरवरी पाटीवर त्यांचं नाव आहे. खरं सांगायचं तर तेव्हापासून गोकुळ पार्कात पाणी साठत नाही. निकमांच्या मोडलेल्या स्वयंपाकघराच्या जागी आता पाणकणीस उगवलंय, सुट्टीच्या दिवशी लोक पोरांना पक्षी दाखवायला नेतात. म्हसओत वाचलं म्हणून पेपरातही आलं. विरकरबाईंचं नाव त्यात नव्हतं.

निलंबन उठल्यावर बाईंना जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. ती शिक्षाच होती. तिथं त्या दिवसभर दाखले द्यायच्या. बोलणं आणखी कमी झालं होतं, पण तोंड तसंच. अक्षर नीट न काढणाऱ्याला अर्ज परत फेकायच्या. मी दुपारी त्यांच्याकडं डबा घेऊन जायची. तशीच एकदा गेले होते, तेव्हा निकम रांगेत दिसले. गावाकडच्या जमिनीला वारस लावायचे होते, त्यासाठी आईच्या मृत्यूचे दाखले हवे होते. खिडकीत कोण बसलंय हे त्यांना जवळ येईपर्यंत कळलं नाही.

बाईंनी त्यांचा अर्ज घेतला. नाव वाचलं. मान वर न करता दाखले काढायला लागल्या. निकम दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवून उभे होते.

"बाई, एक इचारतो," ते म्हणाले. आवाज साधा होता. "त्या दिवशी तुमी मशीन घिऊन तितं उभ्या व्हता म्हणं. खरं का?"

"व्हय."

"मग येळ का लागला?"

"फोनची वाट बघत हुते," बाई म्हणाल्या. "साहेबांच्या."

निकमांनी मान हलवली. मागची माणसं पुढं सरकत होती. ते म्हणाले, "आमच्या दारात आला तवा तुमी कुणाच्या फोनची वाट बघितली न्हाई."

बाईंचा हात शिक्क्यावर होता. मला वाटलं, आता त्या काहीतरी तोडून बोलतील. त्यांनी वर बघितलं.

"न्हाई बघितली," त्या म्हणाल्या. "तुमची भीती नव्हती मला."

निकमांनी दाखले घेतले, प्रत्येकावरचं आईचं नाव वाचून बघितलं, घडी घालून खिशात ठेवले आणि वळले.

बाई खुर्चीवरून उठल्या. रांग तशीच सोडून दारातून बाहेर पडल्या, जिन्यानं खाली गेल्या. मी खिडकीशी गेले. निकम आवारात त्यांच्या जुन्या गाडीला किक मारत होते. गाडी सुरू होत नव्हती. बाई शेवटच्या पायरीवर येऊन थांबल्या. त्यांच्यात हाकेइतकंही अंतर नव्हतं, आणि त्या आल्यात हे निकमांना कळलं होतं, कारण त्यांनी पाठ पूर्ण त्यांच्याकडं केली. ते किक मारत राहिले. बाई उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा तोंड उघडलेलं मला वरून दिसलं, शब्द आला का नाही ते ऐकू आलं नाही. शेवटी गाडीनं धूर टाकला, निकमांनी ती फाटकातून काढली आणि कुपवाडच्या रस्त्याला वळवली.

बाई पायरीवरून हलल्या नाहीत. दाखल्याला आलेली माणसं त्यांच्या दोन्ही अंगांनी वर चढत होती, खाली उतरत होती. कुणी त्यांना बाजूला व्हा म्हणालं नाही.